बर्फावरचा बांगड्याचा काटा

मी बर्फ बघायला गेले नव्हते, वैजूवर लक्ष ठेवायला गेले होते. परत आल्यापासून आमच्या सर्वण गावात जो तो विचारतो, काकी, बर्फ कसा असतो? थंड असतो. पाय घसरतो आणि नाक गळतं. आणखी काय सांगायचं असेल ते इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाच्या ओसरीवर बसून तेच तेच बोलायला नको.

वैजू माझ्या धाकट्या दिराची मुलगी. डिचोलीहून बसने कॉलेजला जायची आणि तिथल्या कवायतीच्या तुकडीत होती. गोवा घटक राज्य झालं, त्यानंतरचा तो पहिला हिवाळा. हिमाचलात एका शिबिरात बर्फावर स्की करायला शिकवतात, तिथे वेगवेगळ्या राज्यांतून मुलं बोलावली होती. गोव्यातून एकच नाव गेलं, ते हिचं. दीर म्हणाला, एकटी पोरगी पाठवणार नाही. तिच्या आईचे गुडघे धरलेले. मी म्हटलं, मी जाते. नवरा वारलेला, मुलगा खाणीवर कामाला, घर सुनेच्या हातात. मला अडवायला कोण होतं?

मुलाने खाणीवरचे आपले जुने गमबूट दिले. दिराची लोकरी पँट मी नऊवारीच्या आत घातली. पिशवीत खोबरेल तेल, कोकमाची सोलं, उकडे तांदूळ आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले खारे बांगडे. वैजू म्हणाली, वास येईल. मी म्हटलं, येऊ दे, आपलाच वास आहे.

वाटेतल्या आगगाड्या आणि बसगाड्या यांचं सांगण्यासारखं काही नाही. बसून बसून कंबर मोडली, एवढंच.

डोंगरात

शिबिर म्हणजे देवदारांच्या मधली लाकडी घरं आणि समोर पांढरा उतार. मला जागा मिळाली स्वयंपाकघराच्या शेजारच्या खोलीत. तिथे स्वयंपाकी दौलतराम आणि त्याची बायको बिमला राहत. बिमला माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. लाकडाचा भारा पाठीवरच्या टोपलीत घालून ती चढ चढायची तेव्हा नुसतं बघून मला दम लागायचा. आपल्याकडे बायका ओझं डोक्यावर घेतात, तिथे पाठीवर. मी विचारलं, डोक्यावर का नाही? ती म्हणाली, डोकं खाली बघायला मोकळं पाहिजे, नाही तर पाय कुठे पडला ते कळत नाही. पटलं मला.

पहिल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली दगडासारखी झाली होती. मी ती काखेत धरून बसले. बिमलाला वाटलं मला ताप आहे आणि मी औषधाची बाटली शेकतेय. दुसरी गंमत माझ्या स्वेटरची. तो तिने प्रेमाने धुवायला घेतला आणि पाणी लालभडक निघालं. ती घाबरून मला दाखवायला आली, रंग गेला म्हणून. रंग कसला, ती आमच्या खाणीची धूळ. डिचोलीत दोरीवर वाळत घातलेलं प्रत्येक कापड ती धूळ पितं. तीन पाण्यांत लाली गेली आणि आतून स्वेटर पिवळा निघाला. तो पिवळा होता हे मी स्वतः विसरले होते.

जेवायला राजमा आणि जाड रोट्या. नारळ नाही, मासळी नाही. मोहरीच्या तेलाचा वास मला सोसवेना आणि माझ्या बांगड्याचा वास दौलतरामला सोसवेना, म्हणून मी बांगडा बाहेर बर्फात विटा मांडून भाजायची. गमबुटांचं रबर थंडीने लाकडासारखं झालं होतं. पहिल्याच दिवशी मी त्या बाहेरच्या चुलीपासून पायरीपर्यंत घसरत, बसूनच पोचले. बिमलाने मला उचललं आणि म्हणाली, "ताई, यहाँ सीधे पाँव नहीं, हेरिंगबोन से चलो." आणि पायांचे चवडे बाहेर फाकवून बदकासारखं चालून दाखवलं.

हा शब्द तिथे मीठमिरचीसारखा होता. निसरड्या वाटेवर चालायचं तर हेरिंगबोन. कोणी फेंगडे पाय टाकत चाललं तर हेरिंगबोन. शिबिराच्या राखणदाराचे पाय जन्मापासून तसेच, म्हणून त्याचं नावच हेरिंगबोन पडलं होतं, आणि तो त्या नावाने ओ देत होता. उतारावर तर दिवसभर तोच गजर. वर न्यायला तिथे पाळणा वगैरे काही नव्हतं. आधी आपल्या पायांनी वर चढायचं, मग घसरत खाली यायचं. पायाला पुरुषभर लांबीच्या फळ्या बांधल्यावर माणूस चढणार कसा? तर फळ्यांची पुढची टोकं एकमेकांपासून लांब करायची, टाचा जवळ ठेवायच्या, फळीची आतली कड बर्फात दाबायची आणि एकेक पाय उचलत जायचं. त्याला म्हणायचं हेरिंगबोन. घाईत नुसतं "बोन! बोन रख!" कोणी मागे घसरला की "बोन टूट गया" असं ओरडून सगळे हसत.

सगळ्यात जास्त वेळा मोडायचा तो आमच्या वैजूचा.

नेगीजींच्या कोटाची बाही

शिबिराचे मुख्य नेगीजी, पूर्वी सैन्यात होते. उंच, कमी बोलणारे. एकदा मी उन्हात बांगडा खात बसले होते, ते येऊन लांब उभे राहिले. ते मांसमच्छी खात नव्हते. मी विचारलं, हेरिंगबोन म्हणजे काय? मराठी शाळेत मी चौथीपर्यंत शिकले, तेही पोर्तुगीज होते तेव्हा. इंग्रजी मला येत नाही. विचारण्यात लाज कसली?

ते म्हणाले, हेरिंग हा उत्तरेकडच्या थंड समुद्रातला मासा. हाताने दाखवला एवढा, आमच्या तारल्याहून जरा मोठा. तिकडचे लोक तो खारवून पिंपांत भरून ठेवतात आणि हिवाळाभर खातात. त्यामुळे त्याचा काटा तिकडे घराघरात ओळखीचा. विणकरांनी तशी तिरप्या रेघांची वीण काढली तेव्हा तिला त्या काट्याचं नाव दिलं. त्यांनी आपल्या कोटाची बाही पुढे केली. खरंच, मधली रेघ आणि दोन्ही बाजूंना तिरप्या रेघा. पुढे तसल्या टाक्याला तेच नाव पडलं, तशा विटांच्या फरशीलाही. आणि बर्फावर चढणाऱ्यांनी मागे वळून आपल्या पावलांचा माग पाहिला तर तिथेही तोच काटा दिसला. म्हणून चढण्याच्या त्या रीतीलाही तेच नाव.

तो टाका मी मुलाच्या झबल्यांना घातलाय. नाव ठाऊक नव्हतं. मी माझ्या बांगड्याचा साफ केलेला काटा उचलून त्यांना दाखवला. हेच ना? त्यांनी नाक दाबून पाहिला आणि म्हणाले, हेच. दिवसातून पन्नास वेळा हा शब्द तोंडात येतो, पण वस्तू आज पाहिली.

मला तेव्हा वाटलं, आता वैजूचं काम झालं. माशाचा काटा काय आम्हाला कोणी शिकवायला हवा? माझं माहेर पेडण्यात, समुद्राला लागून. दात यायच्या आधी काटे काढायला शिकलेली मी.

पाटी

वैजूचं नेमकं काय अडलं होतं ते आधी सांगते. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी उताराच्या माथ्यावरच्या लाकडी खोपीपर्यंत चढायचं असतं, पायातल्या स्की न काढता. जो पोचेल तो आपल्या राज्याची पाटी तिथल्या कुंपणाला बांधतो. त्या पाट्या पुढच्या हिवाळ्यापर्यंत तिथेच राहतात. कोठारात सगळ्या राज्यांच्या पाट्या होत्या, गोव्याची नव्हती. तिथल्या कारकुनाने वैजूला महाराष्ट्रात घातलं होतं. पुण्याची दोन मुलं होती, चांगली होती. त्यातला एक मला हसत म्हणाला, "मावशी, येऊ दे तिला आमच्या पाटीखाली. आमच्याकडे जागा आहे."

मी म्हटलं, "जागा आमच्याकडेही आहे. पाटी तेवढी नाही."

ही गोष्ट माझ्या घरात जुनी आहे. गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही, असा विलीनीकरणाचा कौल झाला तेव्हा नवऱ्याने कशावर शिक्का मारला ते तो गावभर सांगत फिरला. मी कशावर मारला ते मी त्याला तो मरेपर्यंत सांगितलं नाही. मी मराठीत लिहिते, मराठीत आरती म्हणते, घरात कोंकणी बोलते, आणि यात मला कधी अडचण आली नाही. अडचण दुसऱ्यांना येते.

मी नेगीजींकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की पाटी करा, हरकत नाही. पण ती वर ते स्वतः पोचवणार नाहीत, दुसरं कोणी नेणार नाही. जिची पाटी तिने न्यायची. ती पोचली नाही, तर पाटी परत घरी न्या.

दौलतरामने सफरचंदाच्या पेटीची फळी दिली, रंग दिला. वैजूने लिहायला घेतलं आणि आमचं भांडण झालं. तिला कोंकणीत 'गोंय' लिहायचं होतं, मी म्हणत होते 'गोवा' लिही, इथे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. कॉलेजातली मुलं तेव्हा या बाबतीत फार तापट होती. शेवटी मी म्हटलं, काय लिहायचं ते लिही, आधी वर तर पोच. तिने एका बाजूला एक लिहिलं आणि दुसऱ्या बाजूला दुसरं.

पाटी भिंतीला टेकून वाळत होती आणि वैजू उताराच्या पहिल्या वळणापुढे जात नव्हती. बाकीची मुलं डोंगरातली, नाही तर सैन्यातल्यांची. ती वर पोचून उतरून परत येत, तोवर ही तिथेच. मी रोज खालून बघायची. तिचे पाय एकापुढे एक, सरळ रेषेत पडायचे. शेताच्या बांधावरून, आमच्या मेरेवरून, चालत मोठी झालेली मुलगी, मेर वीतभर रुंद, पाय फाकवले तर चिखलात. ती सवय एका आठवड्यात कशी जाणार? शिकवणारे ओरडत "बोन! बोन!" आणि तिला तो शब्द म्हणजे नुसता आवाज.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन पायमोजे काढून बसली आणि म्हणाली, "काकी, म्हज्यान जावचें ना." माझ्याने होणार नाही.

"मग तशें तुज्या बापायक सांग," मी म्हटलं. "हांव सांगचें ना." मी नाही सांगणार.

ती रडली नाही. रडली असती तर मला राग आला असता. मी तिला जेवायला वाढलं.

काटा उलटा होतो

दुसऱ्या दिवशी शिकवणारे निघून गेल्यावर मी तिला उताराच्या पायथ्याशी नेलं. दुपारी खाल्लेल्या बांगड्याचा अख्खा काटा रुमालात घेतला होता. तो बर्फावर ठेवला आणि नेगीजींनी सांगितलेलं सगळं सांगितलं. तिला एकदम कळलं. तिचा चेहराच पालटला. इतके दिवस ओरडत होते ते हे होय, माशाचा काटा.

"काकी, तकली खंय?" तिने विचारलं. डोकं कुठल्या बाजूला?

मी क्षणभरही विचार केला नाही. वर जायचं तर डोकं वर. मासा काय शेपटीने पोहतो? बांगड्याचं डोकं डोंगराकडे करून मी काटा मांडला. तिने तो बारकाईने पाहिला. काटे डोक्याकडे जवळ, शेपटीकडे लांब होत गेलेले. तसेच पाय ठेवायचे, म्हणून तिने फळ्यांची पुढची टोकं जवळ आणली, टाचा लांब केल्या आणि चढायला उभी राहिली.

आणि तशीच मागे निघाली. दोन्ही पाय मागच्या मागे फाकत गेले, ती तोंडावर पडली आणि पोटावर घसरत माझ्या गमबुटांशी येऊन थांबली. नाकात बर्फ. राखणदार हेरिंगबोन लांबून बघत होता, तो हसून हसून खाली बसला. नंतर कळलं की तसे पाय खाली येताना वेग मोडायला ठेवतात. वर जाताना तसे ठेवले तर माणूस मागे जाणारच.

तिने तोंड पुसलं आणि माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर मी थोबाडीत दिली असती. पण चूक माझी होती. मी म्हटलं, थांब.

उतारावर इतर मुलांच्या चढण्याचे माग होते. ऊन कलतं होतं, त्यामुळे प्रत्येक रेघेला सावली होती. मी बघितलं. सगळे माग वरच्या बाजूला उघडे, खालच्या बाजूला मिटलेले. मी हातातला काटा फिरवून धरला, डोकं खाली, शेपूट वर. जुळला. म्हणजे सगळी मुलं माशाच्या डोक्यापासून शेपटीकडे चढत होती.

मग मला ते समजलं, आणि का तेही समजलं. वैजूचं बोट धरून मी काट्यावरून फिरवलं. डोक्याकडून शेपटीकडे नेलं तर गुळगुळीत. शेपटीकडून डोक्याकडे ओढलं तर टोचलं. मी म्हटलं, शेपटीकडे चढ, कोणी अडवणार नाही. मागे येशील तर टोचलं पाहिजे. काटा घशात रुतला की खोकून मागे येत नाही, भाताचा गोळा गिळून खालीच ढकलावा लागतो. तसा पाय रुतव.

"रुतव म्हणजे आतली कड दाब," ती स्वतःशीच म्हणाली. हेच शिकवणारे रोज सांगत होते. तिने टोकं लांब केली, टाचा जवळ आणल्या. एक पाऊल रुतलं. दुसरं रुतलं. मेरेवरची चाल मधूनच परत यायची, मग ती मागे घसरायची, थांबायची, शिवी द्यायची. तिला एवढ्या शिव्या येतात हे मला तिथे कळलं. अंधार पडेपर्यंत ती पहिलं वळण ओलांडून गेली होती. मी तिला हाक मारली नाही. थंडीने माझे दात वाजत होते, पण मी उभी राहिले.

माथा

शेवटच्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. सगळी मुलं पाठीवर आपल्या पाट्या बांधून रांगेत उभी होती. वैजूची पाटी मी माझ्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने घट्ट बांधली. नेगीजींनी शिट्टी वाजवली.

हिमाचलची मुलं बकऱ्यांसारखी गेली. काश्मीरचा एकजण त्यांच्याही पुढे. पुण्याची मुलं मधे. वैजू शेवटी. पहिल्या वळणावर ती शेवटी, दुसऱ्या वळणावरही शेवटीच. त्याच्यापुढे चढ उभा होता. तिथे ती मागे घसरली, बरीच खाली आली, आणि पाटी पाठीवरून सरकून तिच्या काखेत लोंबायला लागली. बिमला माझ्या शेजारी होती. तिने डोळे झाकून घेतले. मी नाही झाकले. कोणीतरी बघायला हवं होतं.

वैजूने काठीचा टेकू घेतला, पाटी पुन्हा पाठीवर ढकलली, आणि तिथेच उभी राहून एकदा मागे, आपल्याच मागाकडे बघितलं. मग तोंड वर केलं आणि पाय टाकायला लागली. उजवा, डावा. उजवा, डावा. घाई नाही. आमच्याकडे भाताच्या लावणीला वाकलेली बाई जशी ओळ संपेपर्यंत कंबर सरळ करत नाही, तशी. वर पोचलेली मुलं कुंपणाशी जमली. पुण्याचा तो मुलगा ओरडायला लागला, "बोन, वैजू, बोन!" मग सगळेच ओरडायला लागले. माझ्या शेजारी राखणदारही ओरडत होता. त्याला वाटलं असेल, आपल्यालाच हाक मारतायत.

ती पोचली. स्की पायातच. कुंपणाला पाटी बांधायला हात चालेनात, गारठले होते, म्हणून तिने लुगड्याची पट्टी दातांनी ओढली. खालून अक्षरं दिसत नव्हती, पण वाऱ्याने पाटी हलत होती एवढं दिसलं. महाराष्ट्राची पाटी तिच्या शेजारीच होती. दोघींना पुरेल एवढी जागा होती.

नेगीजी माझ्याकडे वळून म्हणाले, "गोवा पहुँच गया, माताजी."

मी म्हटलं, "दिसतंय मला."

मी बोलले एवढंच, पण माझी छाती इतकी फुगली होती की दिराच्या पँटची गुंडी तुटली. ती मी नंतर लावून घेतली. उतरताना वैजू दोनदा पडली. उतरण्याची परीक्षा नव्हती, त्यामुळे कोणी मोजलं नाही. खाली आल्यावर मी तिला उरलेला शेवटचा बांगडा भाजून दिला, आणि दौलतरामने पहिल्यांदाच तो आत, त्याच्या चुलीवर भाजू दिला. नेगीजी दारात उभे राहिले. खाल्ला नाही, पण नाकही दाबलं नाही.

त्या रात्री पुन्हा बर्फ पडला. सकाळी निघताना वैजू उताराकडे बघत उभी राहिली. पायथ्यापासून माथ्यापर्यंत तिने काढलेला माग पुसून गेला होता, सगळं पांढरं सपाट. तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, काकी, काहीच उरलं नाही. मी तिच्या हातात तिची पिशवी दिली आणि म्हटलं, चल, बस चुकेल. मासा खाल्ल्यावर काटा कोण सांभाळून ठेवतो?